कंपनी कोणाची? : लातूरची आगगाडी आणि नांदेडची गिरणी

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. पेढ्यांना आणि कंपन्यांनाहि इतिहास असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. वास्तविक पाहतां आपल्या गांवचा कापूस कोणत्या रुळावरून गेला, गांवच्या गिरणीचा भोंगा केव्हां सुरू झाला आणि केव्हां थांबला, हे प्रश्न सामान्य कुटुंबाच्या सुखदुःखाशीं पुष्कळशा लढायांहून अधिक निगडित आहेत. या बाबतींतले निर्णय कोणी तरी, कोठें तरी बसून घेतलेले असतात. ते कोणी घेतले, आणि घेणाराला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला होता, याचा शोध घेणें हें कंपन्यांच्या इतिहासकाराचें मुख्य काम होय.

व्यापारशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांतून आज या विषयाचा पद्धतशीर अभ्यास चालतो. उद्योजक कोणास म्हणावें, उद्योगाचें धोरण कसें ठरतें, आणि त्याच्या कारभारावर अंकुश कोणाचा असावा, हे त्या अभ्यासाचे तीन मोठे विभाग आहेत. विद्यार्थ्यांपुढें उदाहरणें ठेवलीं जातात तीं बहुधा न्यूयॉर्क, डेट्रॉइट किंवा फार तर मुंबई येथलीं. परंतु या तिन्ही प्रश्नांचीं बोलकीं उदाहरणें मराठवाड्याच्या मातींतहि सांपडतात. आजच्या भाषणांत श्रोत्यांपुढें मी तशीं दोन उदाहरणें ठेवणार आहें. एक आहे लातूरला पोंचलेल्या लहान आगगाडीचें आणि दुसरें नांदेडच्या कापडगिरणीचें.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊं. किराणा मालाच्या दुकानाचा मालक गादीवर स्वतः बसतो. नफा झाला तर त्याचा, बुडालें तर त्याचेंच बुडतें. कंपनीचें तसें नसतें. पांच हजार माणसांनीं थोडथोडा पैसा घालून भाग घेतलेले असतात आणि कारभार मात्र पांच-दहा माणसें पाहतात. ॲडॉल्फ बर्ल आणि गार्डिनर मीन्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९३२ सालीं एक ग्रंथ लिहून ही गोष्ट जगापुढें मांडली. मोठ्या कंपन्यांत मालकी एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे अशी फारकत झालेली आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. ज्याच्या हातीं सत्ता आहे तो ज्याचा पैसा आहे त्याच्या हिताप्रमाणेंच वागेल याची हमी काय, असा प्रश्न त्यांतून निघाला, आणि कंपन्यांच्या कारभाराचा अभ्यास आजहि त्याच प्रश्नाभोवतीं फिरत आहे.

हिंदुस्थानांतील लोकांना ही फारकत पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती. आपल्याकडे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. कंपनी भागधारकांची, पण कारभार कराराने बांधलेल्या एका एजंट पेढीचा. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीस एजंटांचें कमिशन सुताच्या दर पौंडामागें पाव आणा असें उत्पादनावर ठरलेलें असे. सूत विकलें जावो अथवा वखारींत पडून राहो, भागधारकांना नफा मिळो वा न मिळो, जितकें सूत निघेल तितकें एजंटांचें कमिशन वाढे. जमशेटजी टाटांनीं हें कमिशन नफ्यावर बसविण्याचा पायंडा पाडला, ही त्या काळांतील मोठी सुधारणा होती. पुढें १९३६ सालच्या दुरुस्तीनें एजंटांच्या कराराची मुदत २० वर्षांवर आणली गेली, आणि शेवटीं १९७० च्या एप्रिल महिन्यांत ही पद्धतच कायद्यानें बंद झाली.

निजामाच्या राज्यांत हा धडा फार लवकर आणि फार महाग किंमत देऊन मिळाला होता. १८८६ सालीं राज्यांतील खनिजें काढण्याचा मक्ता निजाम सरकारनें कांहीं इंग्रज गृहस्थांना दिला. त्या मक्त्याच्या बळावर लंडनमध्यें हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लक्ष पौंडांचें, आणि दहा पौंडांचा एक याप्रमाणें भाग एक लक्ष. त्यांपैकीं ८५ हजार भाग मक्तेदारांनीं पूर्ण पैसे भरलेले समजून स्वतःकडे घेतले. जमिनींतून पुरेसा कोळसा निघण्यापूर्वींच लंडनच्या बाजारांत त्या भागांची विक्री जोरांत सुरू झाली. संस्थानच्या वतीनें या व्यवहारांत वावरणारे अधिकारी अब्दुल हक, सरदार दिलेर जंग, यांचा स्वतःचा हितसंबंध त्यांत गुंतला असल्याचें उघडकीस आलें, आणि संस्थानच्याच खजिन्यांतून ते भाग खरेदी झाल्याचें कळून आल्यावर गवगवा झाला. १८८८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटच्या एका निवडक समितीनें या प्रकरणाची चौकशी केली आणि अब्दुल हक यांना अधिकारावरून दूर व्हावें लागलें.

या प्रकरणांतील मर्म असें आहे कीं, देणाराचा प्रतिनिधि तोच आणि घेणाराचा भागीदारहि तोच. आजच्या परिभाषेंत याला हितसंबंधांचा विरोध म्हणतात. आपल्या जुन्या म्हणींत कुंपणानें शेत खाल्लें असें म्हणत. हैदराबादच्या प्रजेला मात्र या व्यवहारासंबंधीं कांहींहि विचारण्याचा अधिकार नव्हता. चौकशी झाली ती लंडनला. मराठवाड्यांतील पुढील उद्योगांचा इतिहास वाचतांना ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवली पाहिजे.

आतां लातूरकडे वळूं. आज लातूर हें एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे, पण तो जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे. बालाघाटच्या पठारावरील कापूस, करडई, तूर, ज्वारी या मालाला मुंबईची वाट बार्शीवरून होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलखांत, आणि तिच्या सभोंवतीं बहुतेक निजामी मुलूख. बार्शीपासून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचें स्टेशन २१ मैलांवर होतें. त्या स्टेशनचें नांव बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. हें अंतर बैलगाड्यांनीं तोडावें लागे. पावसाळ्यांत काळ्या रानाचा चिखल झाला कीं गाडीचें चाक आंसापर्यंत रुते आणि माल दिवसेंदिवस वाटेंतच अडकून पडे.

ही अडचण ज्यानें संधि म्हणून पाहिली तो मनुष्य एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८५७ सालीं जन्मलेला हा इंग्रज इंजिनियर १८८२ मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. त्याचें म्हणणें असें होतें कीं, थोड्या मालाच्या प्रदेशांत मोठी रेल्वे बांधणें म्हणजे चिमणीला मारण्यासाठीं तोफ आणणें होय. रुळांतील अंतर अडीच फूट ठेवावें, आणि इंजिन असो कीं मालाचा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं देऊं नये. असें केलें म्हणजे हलके रूळ पुरतात, पूल स्वस्तांत होतात, आणि प्रत्येक डबा जास्तींत जास्त ओझें नेतो. १८९४ सालीं लीड्सजवळ न्यूले येथें थोडा रूळ टाकून त्यानें आपल्या गाडीचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ सालीं बार्शी रोड ते बार्शी ही गाडी धांवूं लागली.

जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञानें उद्योजकाची व्याख्या करतांना सांगितलें आहे कीं, उद्योजक हा शोध लावणारा असलाच पाहिजे असें नाहीं. असलेल्या गोष्टींची नवी जुळणी करणें हें त्याचें खरें काम. या कसोटीवर कॅल्थ्रॉप पुरेपूर उतरतो. अरुंद रूळ त्याच्यापूर्वीं होते, पोलादी डबे होते, आणि बार्शीचा बाजार तर फारच जुना होता. त्यानें या सर्वांची सांगड घातली. पुढें या कंपनीनें पंढरपूरच्या यात्रेकरूंकडे रूळ वळविला, १९११ सालीं लातूर गांठलें, आणि १९२७ सालीं मिरजेपर्यंत मजल मारली. सर्व मिळून सुमारें २०० मैलांचा हा मार्ग झाला. एका टोंकाला कापूस, मध्यें विठोबाची यात्रा आणि दुसऱ्या टोंकाला मिरजेचें जंक्शन, असा उत्पन्नाचा तिपेडी गोफ त्यांत विणलेला होता. धोरण या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला शिकवावयाचा असेल तर हें उदाहरण पुरेसें आहे.

धोरणाची दुसरी बाजू मात्र तितकीच शिकण्यासारखी आहे. अडीच फुटी रूळ स्वस्त खरा, पण कुर्डुवाडीला तो साडेपांच फुटी रुळाला मिळे. लातूरहून आलेली कापसाची प्रत्येक गांठ तेथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावी लागे. बांधतांना वांचविलेला पैसा असा हमालींत, वेळांत आणि नासाडींत थोडा थोडा परत द्यावा लागे. तो कंपनीनें दिला नाहीं, माल धाडणारांनीं दिला. आरंभीं केलेली निवड पुढच्या पिढ्यांना कशी बांधून टाकते याचा हा वस्तुपाठ आहे. लातूरला रुंद रूळ यावयाला २१ व्या शतकाचें पहिलें दशक उजाडावें लागलें.

आणि कारभार? कंपनीची नोंदणी लंडनची, डायरेक्टर लंडनचे, बहुतेक निर्णय लंडनमध्यें. गाडी इंग्रजी मुलखांतून निघे आणि निजामाच्या मुलखांत शिरे, त्यामुळें परवानगी दोन सरकारांची लागे. जिच्यावर लातूरच्या व्यापाऱ्याचा सारा धंदा अवलंबून, त्या गाडीचें वेळापत्रक किंवा भाडें ठरवितांना त्याला मत नव्हतें. मालाच्या डब्याची टंचाई झाली तर तो अर्ज करूं शके, आर्जव करूं शके. हक्कानें बोलूं शकत नसे. पुढें निजाम संस्थानच्या रेल्वेचा विकाराबाद ते परळी हा फांटा निघाला, तोहि लातूर शहराला न शिवतां लातूर रोड नांवाच्या स्टेशनावरून गेला. दोन रेल्वेंच्या मध्यें उभ्या असलेल्या या बाजाराला कोणत्याच रेल्वेच्या सभेंत खुर्ची नव्हती.

तरीहि लातूर वाढलें, ही त्या गांवच्या व्यापाऱ्यांची करामत होय. गाडी आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ सालीं, गंज गोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. तिच्या मध्यभागीं जगदंबेचें देऊळ आहे आणि सोळा रस्ते तेथें येऊन मिळतात. आडत, सराफी, कापड, किराणा, प्रत्येक धंद्याची ओळ ठरलेली. या बाजाराचे व्यवहार सोपे नव्हते. संस्थानांत हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखांत कलदार रुपया. शंभर कलदारांना साधारण ११६ रुपये १० आणे हाली पडत. माल सरहद्दीवर आला कीं करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. दोन नाणीं, दोन कायदे आणि दोन सरकारें सांभाळून ज्यानें आडतीचा धंदा केला, तो आडत्या कोणत्याहि विद्यापीठांत न जातां जोखमीचें गणित शिकलेला होता. त्याची पत कागदावर नव्हे, शब्दावर चाले. शब्द मोडणाराला बाजारांत उभें राहतां येत नसे, हाच त्याच्या कारभारावरचा अंकुश होता. लंडनच्या डायरेक्टराला लातूरच्या बाजारांत तोंड दाखवावें लागत नव्हतें, हा दोहोंतला भेद होय.

आतां नांदेड. गोदातीरावरील हें गांव मलमलीसाठीं आणि जरीकांठी कापडासाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध होतें. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्याची मीटर रुळाची रेल्वे नांदेडवरून गेली आणि कापसाचा व्यापार तेथें भरभराटीस आला. ही रेल्वे ज्या कंपनीच्या ताब्यांत होती ती निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनीहि १८८३ सालीं लंडनमध्येंच स्थापन झालेली. तिच्या नांवांतील गॅरंटी या शब्दाचा अर्थ असा कीं, भांडवलावरील व्याजाची हमी निजामाच्या खजिन्यानें घेतलेली होती. गाडी रिकामी धांवली तरी लंडनच्या भागधारकाचें व्याज बुडणार नव्हतें. तें हैदराबादच्या रयतेच्या सारावसुलींतून जाणार होतें. जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था १९३० सालीं संपली. त्या वर्षीं निजाम सरकारनें ही रेल्वे विकत घेतली.

त्याच सुमारास संस्थानानें उद्योगांच्या बाबतींत एक नवें पाऊल टाकलें. १९२९ सालीं एक कोटि रुपयांचा इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड निर्माण करण्यांत आला. मोठ्या कारखान्यांत सरकारनें भांडवल घालावें आणि लहान उद्योगांस कर्ज द्यावें, असा त्याचा हेतु होता. खासगी भांडवल पुढें येत नसेल तेथें राज्यानें उद्योजक व्हावें, ही कल्पना त्या काळीं हिंदुस्थानांत नवीन होती. म्हैसूर संस्थान आणि हैदराबाद हीं त्यांत आघाडीवर होतीं. बोधनचा साखर कारखाना, सिरपूरची कागदगिरणी, सिंगारेणीच्या कोळशाच्या खाणी, वरंगळची आझमजाही गिरणी यांत या मार्गानें सरकारी पैसा गुंतला. १९२० च्या दशकांत निघालेली नांदेडची उस्मानशाही गिरणी ही या मालिकेंतलीच होय. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचें नांव तिला देण्यांत आलें होतें.

गिरणीनें नांदेडचें रूप पालटलें हें मान्य केलें पाहिजे. दुष्काळी शिवारांतून आलेल्या माणसाला बारमाही पगार मिळूं लागला. गिरणीच्या आसपास वस्ती वाढली, खाणावळी निघाल्या, गांवचीं घड्याळें भोंग्यावर लावलीं जाऊं लागलीं. लातूरच्या रेल्वेचा नफा समुद्रापार जात होता, तसें येथें नव्हतें. भांडवल संस्थानचें आणि कापूसहि याच काळ्या जमिनींतला. एवढ्यावरून पाहतां नांदेडची व्यवस्था लातूरपेक्षां अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

परंतु प्रश्न मालकीचा नसून जाब विचारण्याचा आहे. सरकारी पैसा म्हणजे अखेर रयतेचा पैसा. त्या न्यायानें नांदेडची गिरणी रयतेची होती. पण डायरेक्टरांच्या मंडळावर जे सरकारी अधिकारी बसत ते रयतेनें निवडलेले नव्हते, आणि ज्या सरकारनें त्यांना बसविलें तेंहि रयतेला जबाबदार नव्हतें. संस्थानचें कायदेमंडळ होतें, पण सरकारला खालीं खेंचण्याचा अधिकार त्याला नव्हता. भागधारक बोलूं शकत नाहीं म्हणून कंपनीचा कारभार बिघडतो, आणि नागरिक बोलूं शकत नाहीं म्हणून राज्याचा. उस्मानशाही गिरणींत हे दोन्ही दोष एकाच छपराखालीं आले होते. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसनें जबाबदार राज्यपद्धतीसाठीं सत्याग्रह केला, तेव्हां त्यांतला जबाबदार हा शब्द दिवाणाच्या कचेरीला जितका लागू होता तितकाच गिरणीच्या कचेरीलाहि लागू होता. या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वीं कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले गृहस्थ होते, ही गोष्ट येथें आठवण्यासारखी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. बार्शी लाइट रेल्वे १९५४ सालीं भारत सरकारनें विकत घेतली. नांदेडच्या गिरणीवर मात्र कापडधंद्यावर आलेल्या आपत्तीची छाया पडली. जुनीं यंत्रें, बदललेली आवड आणि यंत्रमागांची चढाओढ यांनीं देशांतल्या अनेक गिरण्या आजारी पाडल्या. १९७४ सालीं कायदा करून अशा गिरण्यांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि नांदेडची गिरणीहि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मालक पुन्हां सरकारच. आतां तें लोकांनीं निवडलेलें. तरीहि गिरणी वांचली नाहीं, पुढें ती बंद पडली. यावरून एक कडू गोष्ट शिकावी लागते. जबाबदार सरकार असणें आवश्यक आहे, पण पुरेसें नाहीं. दूरच्या महामंडळाच्या हिशेबांत नांदेड हें अनेक गिरण्यांतलें एक नांव होतें. नवें यंत्र केव्हां घ्यावें, कोणतें कापड काढावें, तोटा किती वर्षें सोसावा, हे निर्णय पुन्हां दूरच होत होते. आल्फ्रेड चँडलर या अमेरिकन इतिहासकारानें १९६२ सालीं असें दाखविलें कीं, धोरण बदललें कीं कारभाराची रचनाहि त्यास अनुरूप बदलावी लागते, नाहीं तर उद्योग ढांसळतो. नांदेडला मालक बदलले, पण निर्णय घेण्याची रचना फारशी बदलली नाहीं.

या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट महाराष्ट्रानें काढली, आणि तिच्या मुळाशीं एक अभ्यासक होता. धनंजयराव गाडगीळ यांनीं हिंदी उद्योगांच्या वाढीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १९२४ सालीं लिहिला आणि १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचें नेतृत्व केलें. विठ्ठलराव विखे पाटलांनीं प्रवरेच्या कांठीं १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हां त्याचें अध्यक्षपद गाडगीळांनीं पत्करलें. ग्रंथांतला प्रश्न कारखान्याच्या फाटकाशीं आणून सोडविण्याचा तो प्रयत्न होता. कंपनींत जितके भाग तितकीं मतें असतात. सहकारांत भाग कितीहि असोत, सभासदाला मत एकच. मालक, माल देणारा आणि मतदार एकच मनुष्य झाला म्हणजे मालकी व सत्ता यांची फारकत मिटेल, अशी त्यामागील आशा. लातूरच्या परिसरांत १९८० च्या दशकांत विलासराव देशमुखांच्या पुढाकारानें मांजरा सहकारी साखर कारखाना निघाला, तो याच परंपरेंतला.

सहकारानें पुष्कळ दिलें, पण त्यानेंहि एक नवा प्रश्न उभा केला. सभासद मालक झाला. जो सभासद नाहीं त्याचें काय? ऊस सभासदाचा असतो, परंतु नदीचें आणि भूगर्भाचें पाणी सर्वांचें असतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराचे नळ कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्यानें भरलेली पहिली गाडी लातूरला पोंचली. दहा टाक्या, प्रत्येकींत सुमारें ५० हजार लिटर पाणी. ती आली मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी या वाटेनें, म्हणजे कॅल्थ्रॉपच्या कंपनीनें ज्या गांवांना एका सुतांत ओंवलें होतें त्याच वाटेनें. ज्या मार्गानें एके काळीं लातूरचा कापूस बाहेर जाई, त्या मार्गानें लातूरला पिण्याचें पाणी आंत आलें. रूळ आतां रुंद झाले होते, त्यामुळें कुर्डुवाडीला टाक्या उपसून पुन्हां भराव्या लागल्या नाहींत. शंभर वर्षांपूर्वींच्या निवडीचें ओझें उतरलें म्हणून त्या दिवशीं शहराची तहान लवकर भागली, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

या सर्व कथेंतून काय निष्पन्न होतें? लंडनच्या कंपनीजवळ कल्पकता होती, पण स्थानिक माणसाला मत नव्हतें. संस्थानच्या गिरणीजवळ भांडवल होतें, पण जबाबदारी नव्हती. सहकारी कारखान्याजवळ सभासदांचें मत आहे, पण सभासद नसलेल्याचा आवाज तेथें सहज पोंचत नाहीं. कारभाराची कोणतीहि एक रचना निर्दोष नाहीं, हें व्यापारशास्त्राचे अभ्यासक अनेक देशांचे दाखले देऊन सांगतात. २०१३ सालच्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर स्वतंत्र संचालक सक्तीचे केले आणि ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्याकडे वळविण्यास सांगितलें, तें याच उणिवेवरचे इलाज होत. इलाज किती गुणकारी ठरतो हें मात्र कायद्याच्या शब्दांवर नव्हे, सभेंत उठून प्रश्न विचारणाऱ्या माणसावर अवलंबून असतें.

१९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें विद्यापीठ आहे आणि तेथें वाणिज्य व व्यवस्थापन हे विषयहि शिकविले जातात. त्या विद्यार्थ्यांनीं परदेशांतील कंपन्यांच्या कथा अवश्य वाचाव्यात. पण त्याबरोबर गंज गोलाईंतील जुन्या आडत्यांच्या चोपड्या, गिरणींत राबलेल्या कामगारांच्या आठवणी आणि सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभांचे अहवालहि वाचले पाहिजेत. चोपड्यांना वाळवी लागते, गिरणीच्या भिंती पडतात, आणि सांगणारीं माणसें निघून जातात. तें सर्व जाण्यापूर्वीं लिहून ठेवलें तर पुढच्या वेळीं गांवांत नवी कंपनी येईल तेव्हां तिच्यापुढें कोणते प्रश्न ठेवावयाचे हें गांवाला ठाऊक असेल. तुमचे निर्णय कोठें होतात? जोखीम कोणाची आणि लाभ कोणाचा? आणि आम्हांला तुम्हांस विचारावयाचें असेल, तर आम्हीं कोणत्या दारावर थाप मारावी? मराठवाड्यानें या तीन प्रश्नांचीं उत्तरें आजवर पुष्कळदां उशिरा ऐकलीं आहेत. यापुढें तीं आधीं मागावीत, इतकेंच या इतिहासाचें सांगणें आहे.